मशीनवर मांडे होत नाहीत

बेल वाजली की माझं पहिलं काम गॅस बंद करायचं. तव्यावरची पोळी अर्धी कच्ची असो, फोडणीत मोहरी तडतडत असो, बटण फिरवायचंच. कारण पुढच्या क्षणी जेवणारे सगळे पळालेले असायचे. ताटं तशीच. कोणाचा घास ताटात, कोणाचा तोंडात. अंगणात बुटांचा धाड धाड आवाज, गाडी सुरू, फाटक उघडलं, लाल बंबा बाहेर! आणि मी हातात उलथणं धरून दारात. इतकी वर्षं ते बघितलं, पण एकदाही सवयीचं झालं नाही. आता घरी बसले असताना कुठे बेल वाजली तरी हात गॅसकडे जातो.

मी सुरतच्या एका फायर स्टेशनवर मेसमध्ये स्वयंपाक करायचे. मनगट दुखायला लागलं म्हणून गेल्या वर्षी सोडलं. चौथीपर्यंत शिकले आहे. लिहायची सवय नाही, पण दुपारी नवागामच्या आमच्या खोलीत कोणी नसतं, तेव्हा लिहिते. घरी कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर म्हणतील, वाचून दाखव. मग माझ्याच्याने एक शब्द फुटायचा नाही. पहिल्यापासून मी अशी. माहेरी पाहुणे आले की मी मागच्या दाराने गोठ्यात जायचे.

लोकांना वाटतं, बंबावाल्यांचा स्वयंपाक म्हणजे काय, चार पोळ्या जास्त लाटायच्या. तसं नाही. तिथे जो पदार्थ अर्ध्यात सोडता येत नाही, तो करायचाच नाही. खिचडी झाकून ठेवली की थांबते. डाळ थांबते. बाजरीचा रोटला थांबतो. भजी थांबत नाहीत, म्हणून माझ्या मेसमध्ये भजी नाहीत. कुकरही मी लवकरच काढून टाकला. शिटी वाजली की निम्मे लोक खाटेवरून उडी मारून उभे राहायचे आणि मग माझ्याकडे असे बघायचे की जणू मीच आग लावली. डाळ पातेल्यात शिजायला वेळ लागतो, पण कोणाचा जीव तरी दचकत नाही.

तिथे सगळे मला मासी, म्हणजे मावशी, म्हणायचे. माझ्या मराठीला ते गुजराती उत्तर द्यायचे आणि दोघांचंही अडायचं नाही.

आता परातीची गोष्ट सांगते. ती नीट सांगितली नाही तर पुढचं काही कळणार नाही.

रमणकाका म्हणून मोठ्या गाडीचे ड्रायव्हर होते. पांढऱ्या मिशा, पानाने लाल झालेले दात. एकदा तापीत बुडून मेलेल्या माणसाला बाहेर काढून सगळे परत आले. मी काकांना चहा दिला. कपातला चहा बशीत सांडला, बशीतला हातावर. एरवी हाच हात एवढी मोठी गाडी चिंचोळ्या गल्लीत घालायचा! मला काहीतरी बोलायला हवं होतं. दुसरी एखादी बाई बोलली असती, पाठीवर हात ठेवला असता. माझ्यासमोर परातीत पीठ घेतलेलं होतं. मी त्यात पाणी घातलं आणि परात त्यांच्यापुढे सरकवली. बस्स.

काकांनी परातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बाह्या वर केल्या आणि कणीक मळायला लागले. मळता मळता मळतच राहिले. कानाच्या पाळीसारखी मऊ झाली तरी थांबेनात. मी शेजारी बसून लसूण सोलत होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "मासी, एना खिस्सामां चावी हती." त्याच्या खिशात चावी होती. बस, तेवढंच बोलले. हात धुतले आणि उरलेला चहा न सांडता प्याले.

पुढे कसं कोण जाणे, ती रीतच पडली. कॉलवरून आल्यावर जो दारात उभा राहून "मासी, खावानुं आपो", खायला द्या, म्हणायचा, तो ठीक. जो म्हणायचा, "मासी, लोट हुं बांधुं?", म्हणजे पीठ मी मळू का, त्याचा कॉल वाईट गेला. मी परात द्यायची. त्याला कोणी काही विचारायचं नाही, कोणी हसायचंही नाही. बोलला तर ऐकायचं. न बोलला तर त्या दिवशी पोळ्या मऊ व्हायच्या.

कधी एकाच कॉलवरून तिघे-चौघे एकदम यायचे. मग मी जास्तीचं पीठ काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना शिळ्या पोळीचा चुरा.

या लोकांमध्ये जयेशभाई होता. ओलपाडकडचा, उंच, शिडीवरचा माणूस. आणि बोलका! मी आयुष्यात जेवढं बोलले नाही तेवढं तो एका जेवणात बोलायचा. पण ते बोलणं त्याच्या कामाचंच होतं. वरच्या मजल्यावर धुरात अडकलेला माणूस शिडीवर पाय ठेवायला घाबरतो. त्याने खाली बघितलं की संपलं. म्हणून जयेशभाई त्याच्याशी बोलत राहायचा. तुमचं गाव कोणतं, मुलं किती, आज घरात भाजी कसली केली होती. माणूस उत्तरं देता देता जमिनीवर यायचा.

एकदा एक तरुण स्टेशनवर पळत आला. बोट सुजून वांग्यासारखं. साखरपुडा दुसऱ्या दिवशी, आणि याने होणाऱ्या बायकोसाठी आणलेली अंगठी स्वतःच्या बोटात घालून बघितली होती. निघेना! अशा अंगठ्या कापायला लोक आमच्याकडेच येतात. जयेशभाई बारीक करवत घेऊन बसला.

"बोल भाई, वींटी कापुं के आंगळी?" अंगठी कापू की बोट?

"अंगठी कापा ना! पण जरा कमी कापा."

"कमी? अरे, ही भेंडी आहे का? अर्धी कापून उरलेली फ्रिजमध्ये ठेवू?"

"सासरे काय म्हणतील?"

"त्यांना सांग, तुमचा जावई इतका उतावळा, मुलीच्या आधी स्वतःचाच साखरपुडा केला."

मी ओट्यामागे तोंडात पदर कोंबून हसत होते. तो मुलगाही हसला आणि तेवढ्यात अंगठी तुटून पडलीसुद्धा. त्याला कळलंच नाही. ही जयेशभाईची कला.

मग तो उन्हाळा आला. सुरतेत उन्हाळा म्हणजे आमच्याकडे बेलवर बेल. कापडाचे तागे, सूत, पुठ्ठे, सगळं वाळून पेटायला तयार. पांडेसराकडच्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आग लागली. जयेशभाई शिडीने खिडकीत गेला, एका म्हाताऱ्या वॉचमनला खांद्यावर घेतलं आणि बोलत बोलत खाली आणलं. खालच्यांनी त्या माणसाला हातात घेतलं आणि नाडी बघितली. तो वाटेतच गेला होता. जयेशभाई त्याला विचारतच होता, काका, नातवाचं नाव काय?

हे मला रमणकाकांनी सांगितलं. जयेशभाईने नाही. तो फक्त दारात आला आणि म्हणाला, "मासी, लोट."

त्याने कणीक मळली. दुसऱ्या दिवशीही मळली. तिसऱ्या दिवशीही. एक अक्षर बोलला नाही. शिडीच्या सरावाला उभा राहायचा, दोन पायऱ्या चढून उतरायचा. पण परातीशी रोज येत होता आणि मला वाटत होतं, आज ना उद्या बोलेल.

आणि नेमकं तेव्हाच मशीन आलं.

आमचे साहेब मोठे चांगले. त्यांनी माझ्या मनगटाला बांधलेलं फडकं बघितलं, वर त्यांची माणसं परातीत कोपरापर्यंत बुडालेली बघितली आणि त्यांना वाटलं, मासीला काम झेपत नाही, बिचारे जवान मदत करतात. त्यांनी वर लिहून, मागे लागून कणीक मळायचं मशीन आणलं. स्टीलचं, चकचकीत, माझ्या कमरेएवढं! त्याला झेंडूचा हार घातला. नारळ माझ्या हातून फोडून घेतला. पेढे वाटले. खरं लिहिते, मला इतका आनंद झाला होता की काय सांगू! घरून निघताना मी नवी साडी नेसले होते. बटण दाबलं आणि मशीनने घुर्रर्र करून बघता बघता गोळा करून दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी परात घासून भिंतीला टांगली.

दोन दिवसांनी एका गाडीचे लोक परत आले. एक जण दारात थांबला. मशीन चालू होतं. त्याने टांगलेली परात बघितली, म्हणाला, "कंई नहीं, मासी," आणि गेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, जयेशभाई तर मशीन आल्यापासून स्वयंपाकघराकडे फिरकलाच नव्हता.

मी परात परत खाली काढली. पण आता कोणी हात लावेना. साहेबांनी एवढ्या हौसेने मशीन आणलेलं. त्याच्याशेजारी बसून हाताने कणीक मळायची म्हणजे साहेबांचा अपमान, असं त्यांना वाटायचं. मला तसं सांगणंही जमेना.

रमणकाका एक दिवस ओट्याशी येऊन हळूच म्हणाले, "जयेशने स्टोअरमध्ये बदली मागितली आहे. पाईप मोजायचं काम. साहेबांनी आठवडाभर विचार कर म्हणून सांगितलंय. एकदा तिथे बसला ना मासी, की परत गाडीवर चढणार नाही. मी बघितलेत असे."

त्याच आठवड्यात वरून एक मॅडम आल्या. जवानांचं मन मोकळं करण्यासाठी त्यांना पाठवलं होतं. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, सगळे ओळीत बसले. मॅडम विचारतील त्याला एकच उत्तर, "मजामां", मजेत. झोप? मजामां. भूक? मजामां. जयेशभाईसुद्धा, मजामां! पुढे साहेब बसलेले, शेजारी बरोबरीचे. मजामांशिवाय दुसरं काय म्हणणार?

मॅडम पाणी प्यायला माझ्याकडे आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. घाम पुसत म्हणाल्या, "मावशी, हे लोक बोलतात तरी कुठे?"

मराठी ऐकून मला बरं वाटलं. मी परातीकडे बोट केलं. त्यांना आधी काही समजलं नाही. त्या स्टूल ओढून बसल्या आणि माझ्याबरोबर लसूण सोलायला लागल्या. बाई गप्प बसणारी होती, म्हणून मी हळूहळू सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मावशी, साहेबांना हे तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर त्याचाही असाच खुर्च्या मांडून कार्यक्रम होईल. आणि जयेशभाईंना सांगा, मी मंगळवारी येते. खुर्चीवर नको, इथेच बसू."

साहेबांना मी सांगायचं! घरी जेवताना मी हे आमच्या ह्यांच्या कानावर घातलं. ते आयुष्यभर लूमवर काम केलेले, बोलणं मोठ्याने. म्हणाले, "तू सायेबसंगे बोलशी? घरमा कुत्रं उनं तरी तुन्हा आवाज निंघत नही!"

खरंच होतं, घरात कुत्रं आलं तरी माझा आवाज निघायचा नाही. मी केबिनच्या बाहेर दोनदा जाऊन परत आले. काय सांगणार? तुम्ही प्रेमाने आणलेलं मशीन नको? नारळ फोडताना मीच तर सगळ्यांत जास्त हसले होते.

मग मला अखाजी आठवली. अक्षय तृतीयेला आमच्या खान्देशात अखाजी म्हणतात. मुली माहेरी येतात, झोके बांधतात, आमरस आणि मांडे होतात. मांडे म्हणजे मातीच्या पालथ्या खापरावरची पुरणपोळी, धोतरासारखी पातळ आणि हात पसरले तरी मावणार नाही एवढी मोठी. तिची कणीक मळायची नसते, आपटायची असते. सैल भिजवायची, पाण्याचा हात लावायचा, उचलायची आणि परातीत आपटायची. उचल, आपट. हात भरून येतात, घाम गळतो, तेव्हा कुठे ती ताणली तरी तुटत नाही अशी होते.

मी केबिनमध्ये शिरले आणि दाराशीच एका दमात म्हणाले, "साहेब, अखाजीला मांडे करते."

"करो ने, मासी! एमां पूछवानुं शुं?" करा ना, त्यात विचारायचं काय!

"मशीनवर होत नाहीत. कणीक आपटायला माणूस लागतो. दणकट."

"कोण पाहिजे?"

"जयेशभाई."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. त्यांना किती समजलं मला माहीत नाही, पण ते एवढंच म्हणाले, "लई जाओ." घेऊन जा.

बाहेर येऊन मी भिंतीला धरून उभी राहिले. मला हसू येत होतं!

अखाजीच्या सकाळी आमचे हे रिक्षात खापर मांडीवर घेऊन आले, जणू बाळंतिणीला आणत होते. अंगणात विटांची चूल मांडली. फायर स्टेशनच्या अंगणात लाकडं पेटवायची! सगळे गोळा झाले. एक जण म्हणे, "मासी, परवानगी घेतली?" दुसरा पाईप ओढत आला आणि चुलीवर नेम धरून उभा राहिला. रमणकाकांनी त्याला शिवी घातली. साहेब स्वतः बादली भरून ठेवून गेले.

जयेशभाई मान खाली घालून आला. मी परात पुढे केली. त्याने गोळा उचलला आणि आपटला. धप्प! पुन्हा. धप्प! पहिल्यांदा जपून, मग जोरात. कणकेचे शिंतोडे त्याच्या मिशीवर, माझ्या पदरावर. आवाज भिंतीवरून परत यायला लागला. मी पाण्याचा हात लावत होते. कितीतरी वेळ गेला. घाम निथळत होता की डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी बघितलं नाही.

आपटता आपटताच तो बोलला. "मासी, मी त्यांच्याशी बोलत होतो ना." धप्प. "ते कधी थांबले, मला कळलंच नाही." धप्प. "मी एकटाच बोलत होतो."

चुलीपाशी बसलेले रमणकाका लाकूड आत सारत म्हणाले, "छेल्ले सुधी कोईनो अवाज तो सांभळ्यो ने एणे, बेटा." शेवटपर्यंत कोणाचा तरी आवाज ऐकू आला ना त्याला.

जयेशभाई थांबला. गोळा हातात तसाच लोंबत होता. मग त्याने नाक बाहीला पुसलं आणि म्हणाला, "मासी, ही आता तुटत नाही बघा." खरंच तुटत नव्हती.

मी पुरण भरलं, लाटी दोन्ही हातांवर घेतली, फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवली. सगळे तोंडं उघडी टाकून बघत होते. आणि बेल वाजली!

माझा हात सवयीने गॅसच्या बटणाकडे गेला. बटण कुठलं? समोर चूल भडकलेली, दोन्ही हातांवर मांडा! धाड धाड बूट वाजले. रमणकाका मिशा पुशीत गाडीकडे धावले. जयेशभाई परातीपाशी उभा, कोपरापर्यंत कणकेने माखलेला. त्या दिवशी गाडीवर जाणाऱ्यांत त्याचं नाव नव्हतं. त्याने गाडीकडे बघितलं. मी ओरडले. मी! "जयेशभाई, जा ना!"

तो पळाला. हेल्मेट ओढलं, हँडल पकडलं, वर चढला. लाल दारावर पांढरे पंजे उमटले. आणि बंबा पेटलेली चूल माझ्या भरवशावर सोडून दुसरीकडची आग विझवायला गेला.

मी मांडे करत बसले. थांबून काय करणार? एकेक करत सगळे केले, घड्या घालून फडक्यात ठेवले. शेवटचा कणकेचा गोळा मात्र परातीत झाकून ठेवला. त्याला लागला तर? फाटकाकडे बघून बघून मान दुखली.

ऊन कलायच्या आत गाडी आली. बमरोलीतल्या एका इमारतीत धूर कोंडला होता. सगळी माणसं जिवंत बाहेर काढली. सगळ्यांत वरच्या मजल्यावर एक जाडजूड आजी होत्या, त्यांना शिडीने जयेशभाईने उतरवलं. काका हसत हसत सांगायला लागले की आजींनी खाली पाय टेकताच साहेबांकडे तक्रार केली. हा पोरगा फार बोलतो म्हणे, देवाचं नाव घेऊ देत नाही!

मंगळवारी मॅडम आल्या तेव्हा तो त्यांच्याशी बोलायला बसला आणि पुढेही बसत राहिला. एका परातीने सगळं निवळतं असं मी म्हणणार नाही. पण बदलीचा अर्ज त्याने परत घेतला. मशीन पोळ्यांसाठी चालू राहिलं, मनगटाला खरंच आराम पडला. परात खाली राहिली.

हे सगळं नंतरचं. त्या दुपारी तो दारात येऊन उभा राहिला. तोंड काजळीने काळं, हातांवर कणीक वाळून भेगाळलेली. आजवर मी कोणाला कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी झाकण काढून विचारलं, "लोट?"

त्याने गोळ्याकडे बघितलं. मग फडक्यातल्या मांड्यांकडे.

"लोट मशीनमां नाखो, मासी," तो म्हणाला. पीठ मशीनमध्ये टाका. "मने भूख लागी छे."